वनिताची सही मागू नका

वनिता नसती तर माझ्याने घर सोडवलं नसतं, हे आधी लिहितो. वनिता माझी धाकटी बहीण, जवळच्याच वडपे गावात दिलेली. शारजाचा व्हिसा आला तेव्हा मला घास जाईना. आय कधीच गेलेली, बाबा सत्तरीच्या पुढे, थोरला भाऊ कल्याणला. भिवंडीजवळच्या आमच्या वळ गावचं शेत आणि बाबा कोणाच्या भरवशावर टाकायचे? ती म्हणाली, "कालजी नको करू. बाबांजवल मी हाय."

निघायच्या सकाळी बाबा राब भाजत होते. गाव सोडून वर्षं झालेल्यांना आठवण देतो: भाताचं बी पेरायच्या जागेवर शेण, पाला, गवत पसरून आपल्याकडे आधी जाळतात, तो राब. मी पाया पडलो. बाबांनी डोळे पुसले आणि वर मलाच बोलले, "धूर हाय. जा तू. इस्तव टाकून माना येता येत न्हाय." आमच्या बोलीत इस्तव म्हणजे विस्तव, माना म्हणजे मला.

आठवीतून शाळा सुटलेला मी. गावच्या गोडाउनमध्ये फोर्कलिफ्ट शिकलो, त्या एवढ्याशा विद्येने समुद्र ओलांडला. इथेही गोडाउनच. इथल्या सुपरवायझरने आवाज दिला की अजून मी फोर्कलिफ्ट थांबवून खाली उतरतो. बाबा फोनवर चिडवायचे, "गोडाउनाला कंटालून गेलास नि गोडाउनातच शिरलास."

बाबांचा जन्म गवताच्या माळावरचा. तरुणपणी माळाचं गवत कापून, भारे बांधून बैलगाडीने भिवंडीच्या तबेल्यांना द्यायचे. पावसात भात. आय गेल्यावर वनिताची वेणी तेच घालायचे. ती शाळेत निघाली की शेजारच्या बाया हसायच्या, "वेनी हाय का भाऱ्याचा दोर?" बाबा म्हणायचे, "सुटली का सांगा." वर्षातून एकदा आम्हाला एसटीने वज्रेश्वरीला न्यायचे आणि गरम कुंडात लाल होईस्तोवर घासायचे.

मग आजूबाजूची शेतं गेली, पत्र्यांची गोडाउनं उठली. पांढऱ्या गाडीतून दलाल यायचे. "आबा, किती दिवस चिखल तुडवणार?" बाबांचं उत्तर ठरलेलं, "तुमची गाडी रुतली तर ओढाया मानाच बोलवाल ना?"

मी गेल्यानंतरच्या वर्षी शेजारच्या गोडाउनवर बाहेरगावचा नवा वॉचमन आला. राबाचा धूर बघून त्याने आग लागली म्हणून फोन केला. बंब आला आणि भाजत आलेल्या राबावर पाणी मारून गेला. गोडाउनच्या मॅनेजरने वर दम दिला, इथून पुढे जाळायचं नाही. बाबा ओली राख फावड्याने ओढत राहिले. दुसऱ्या दिवशी वनिता नवऱ्याच्या टेम्पोतून पाला आणि गोवऱ्या घेऊन आली, नवा राब रचला आणि स्वतः पेटवला. मॅनेजर धावत आला. ती म्हणाली, "बोलवा बंब. पन आधी सांगा सायेब, इथं पयला कोन होता, आमचा राब का तुमचा पत्रा?" पुढच्या वर्षापासून राबाच्या आदल्या दिवशी ती वॉचमनला सांगून यायची आणि भाकरीही देऊन यायची.

म्हणून बाबा ऐंशीच्या घरात, शेवटच्या वर्षीही स्वतःच्या शेतातला भात जेवले. शेवटचा घोट वनिताच्या हातचा. मी पोचलो तेव्हा चिता विझली होती.

तेरावा झाला आणि थोरल्याने कागद काढला. बहिणीने साडी-चोळी घ्यायची, हक्क सोडल्याची सही करायची, ही आपली रीत. शेत मग गोडाउनला विकायचं. वनिता म्हणाली, "भावांशी वाकडं नको, करते." मी तिच्या हातातलं पेन काढून घेतलं. थोरला म्हणाला, "तू दोन दिवसांचा पाहुणा, तुला काय कलतं?"

दादा, मला एवढं कळतं. आपण दोघं बाहेर पडलो ते तिच्या जीवावर. माझ्या सहीशिवाय शेत विकलं जात नाही, आणि तिचा वाटा तिच्या नावावर चढेपर्यंत ती सही तुला मिळणार नाही. भावकीला सांग, बहिणीच्या नादी लागलाय म्हण, शारजाचं वारं लागलंय म्हण. नोकरी आज आहे, उद्या नाही, त्याची भीती मला रोज वाटते. याची वाटत नाही.

आता घर म्हणजे मला एवढंच: जिथे वनिताला कुणाला विचारून यावं लागत नाही, ती जागा. वने, एक दिवस मी कायमचा परत येईन. सातबारावर तुझं नाव मी उभा राहून लावून घेईन, आणि त्या पावसात तू बांधावर बसायचं. चिखलात मी उतरेन.