वैनीची एकच थाप

वैनी गेली हे आळीत मीच सांगत फिरलो, आणि पहिल्या दोन-चार घरांत कुणी ते खरं मानलंच नाही. किराणावाला शांताराम साखर तोलता तोलता म्हणाला, "मास्तर, असली थाप बरी नाय हां." त्याचं काही चुकलं नाही. कर्जतच्या शाळेत मी जन्मभर भूगोल शिकवला आणि जन्मभर नद्या फुगवल्या. माझ्या तोंडून उल्हास नदी एकदा थेट माथेरान चढून गेली होती. पण त्या दिवशी वैनी खरोखरच मागच्या दारी बिरड्याचे वाल सोलत बसली होती, भिंतीला टेकली आणि तशीच राहिली. मी ते सांगत होतो, आणि माणसं माझ्या तोंडाकडे बघून हसायच्या तयारीत उभी…

वैनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ आणि माझी बायको, दोघंही कधीच पुढे गेलेली. घाटाच्या पायथ्याच्या आमच्या गावात रुळांच्या कडेला आमची दोन घरं, मध्ये एक कुंपण. वैनीची हाक अशी, की वर घाटात ठाकुरवाडीला थांबलेल्या गाडीचा ड्रायव्हर "ओ" द्यायचा. घड्याळापेक्षा तिचं घर गाड्यांवर चालायचं. सकाळची गाडी गेली की चूल, दुपारची खडखडली की पानं, आणि संध्याकाळी घाट चढणाऱ्या गाडीला मागून ढकलायला इंजिन लागलं, त्याचा भोंगा आला, की देवाजवळ दिवा. मी थापा मारायचो, ती भाकऱ्या थापायची. "भावजी, तुमच्या थापांना ना पीठ लागत, ना पानी, म्हून एवढ्या होतात," म्हणायची. आणि तव्यावरची पहिली तांदळाची भाकरी कुंपणावरून माझ्याकडे यायची.

मग कोरोना आला आणि गाड्या थांबल्या. माझा मुलगा कुंभिवलीजवळच्या कारखान्यात अडकला, सूनबाई पनवेलला दवाखान्यात नर्स. त्यांची आठ वर्षांची ओवी माझ्याकडे राहिली. सुरुवातीला मज्जाच! शाळा मोबाइलवर, खेळ मोबाइलवर, जेवणही मोबाइलकडे बघत, आणि जेवण म्हणजे बिस्किटं. आजोबा कशाला अडवतोय? हळूहळू पोर दुपारी उठायला लागली. रात्रभर पांघरुणात निळा उजेड. आंघोळ नको, केस विंचरायला नको, अंगणात चल म्हटलं की भिंतीकडे तोंड. मी माझं सगळं भांडार रिकामं केलं, तिकीट काढून लोणावळ्याला गेलेला वाघसुद्धा काढला. हसेचना. एकदा भर दुपारी अंथरुणात उठून बसली नि म्हणाली, "आजोबा, अजून कालच आहे का?" मग जरा वेळाने, "आई उद्या येते म्हणाली होती. पण उद्या होतच नाहीये." कुंपणाशी जाऊन मी वैनीला सांगितलं. तिने हाताचं पीठ झटकलं नि आत गेली.

त्यानंतर एका टळटळीत दुपारी एक मालगाडी घाटाकडे धडधडत गेली. मालगाड्या तेवढ्या चालू होत्या, पण त्यांना काळवेळ नव्हता. पाठोपाठ वैनी आमच्या दारात, हातात पेटलेला दिवा. "ओवे, चल गं, शुभंकरोति म्हनायला. गाडी गेली, सांज झाली." बाहेर ऊन असं, की कावळे एकमेकांच्या सावलीत बसत होते. ओवीने दिव्याकडे बघितलं, उन्हाकडे बघितलं. "आजी, दुपार आहे!"

"काय सांगतेस? मंग माझी सांजची गाडी कुठं गेली गं?"

आणि ओवी हसली… वैनी उंबऱ्यावर बसली. "गाड्या नायत तर मला काय बी कळत नाय बघ. काल भात दोनदा लावला, आज लावलाच नाय. तू होशील का माझी गाडी?"

पोरगी गाडी झाली. पण गाडी व्हायचं तर आधी उठायला लागतं. पहिल्या सकाळी गाडी आलीच नाही. वैनी पायरीवर बसून राहिली. "चूल पेटवा की," मी म्हटलं. "गाडी नाय आली, मी कशी पेटवू?" उपाशी बसली बाई. दुपारी ओवी विस्कटलेल्या केसांनी कुंपणाशी आली, वैनीचं तोंड बघितलं, आणि तोंडानेच भोंगा वाजवला. तेव्हा कुठे चूल पेटली. दुसऱ्या दिवशी गाडी जरा लवकर आली, मग आणखी लवकर. गाडी धुवायला लागते, म्हणून आंघोळ. गाडीला कोळसा लागतो, म्हणून गरम भाकरी, वैनीच्या पायरीवर, मोबाइल घरी ठेवून. ड्रायव्हरने फोन बघितला तर गाडी घसरते ना! संध्याकाळी ती मागच्या टेकाडावर धावत सुटायची, आणि मी म्हातारा मागून ढकलणारं इंजिन. मग दिवा, मग शेवटचा भोंगा, मग झोप. पोरीचा उद्या परत रोज व्हायला लागला.

पुढे सूनबाई येऊन तिला घेऊन गेली. त्या संध्याकाळी मी विचारलं, "वैनी, खरंच तुम्हाला दुपार की सांज कळेना?"

"डोक्यावर ऊन होतं भावजी. मला काय येड लागलंय?"

"म्हणजे थाप?"

"एकच मारली. तुमच्यावानी रोज नाय मारीत."

आता गाड्या सगळ्या चालू आहेत. एकामागून एक जातात, आणि कुंपणापलीकडे कुणी काही करत नाही. चूल नाही, दिवा नाही… माझंही उठण्या-खाण्याचं काही ठिकाण राहिलेलं नाही. चहात बिस्किटं बुडवून दुपार निघते, आणि मोबाइलवर कुठल्या कुठल्या देशांतले पूर बघत पहाट होते. हे कुणाला सांगितलेलं नाही. सांगितलं तर थाप म्हणतील.

ओवी आता नववीत आहे. परवा तिचा फोन आला तेव्हा दुपार होती आणि माझा आवाज अंथरुणातला. "आत्ता उठलात?" तिने विचारलं. मग म्हणाली, "आजोबा, माझं एक काम कराल? मला सकाळी जागच येत नाही हो. अलार्म ऐकूच येत नाही, शाळा बुडते. उजाडलं की रोज फोन करून उठवाल?"

मागून सूनबाईचा आवाज आला, "अगं, तूच तर आम्हाला सगळ्यांना उठवतेस!" फोन घाईघाईने बंद झाला.

मी जन्मभर थापा मारल्या. कुठली थाप कुणाच्या हातची, एवढं मला कळतं. ही वैनीच्या हातची होती… गोल, कडेला कुठेही न फाटलेली.

उजाडलं की मी फोन लावतो. पहिल्याच रिंगला उचलते. "बरं झालं उठवलंत आजोबा," झोपेतला आवाज काढून म्हणते.

"ऊठ गं आळशे," मी म्हणतो, आणि चहाचं आधण ठेवतो.