सुभानजीचं लुगडं

दिगंबर मास्तर गेल्याचा फोन आला तेव्हा मी पालमच्या आमच्या वाचनालयात सकाळचे पेपर लावत होते. माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "कुणी मारलं का त्यांना?" पलीकडून त्यांच्या सुनेचा रडवेला आवाज आला, "न्हाई ओ ताई... परभणीच्या दवाखान्यात गेले. हार्ट अटॅक आला." याला दीड महिना झाला. तो प्रश्न मी का विचारला, ते सांगायला हवं.

मास्तर शाळेत इतिहास शिकवायचे. निवृत्तीनंतर वाचनालयात बसून ते आपल्या भागातल्या जुन्या हकिकती जमवत. निजामाच्या काळात त्यांच्या गावच्या सुभानजीनं बंड केलं होतं. ते चार दिवसांत मोडलं, शिपायांनी गाव वेढलं, आणि सुभानजी घोड्यासकट गोदावरीच्या पुरात उडी टाकून निसटला, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलेलो. गावात त्याचा घोड्यावरचा पुतळा बसायचा होता. मास्तरांना मात्र म्हाताऱ्या बायांच्या बोलण्यात आणि एका जुन्या उर्दू जबानीत वेगळंच सापडलं. सुभानजी लुगडं नेसून, डोक्यावर शेणाची पाटी घेऊन, चार बायांच्या मधोमध चालत वेशीबाहेर पडला होता. संध्याकाळी शिपायांनी त्या चौघींना चावडीपुढं फोडून काढलं. एक तिथंच गेली.

यावर वाचनालयाच्या हॉलमध्ये मास्तरांचं व्याख्यान ठरलं. दोन दिवस आधी पुतळा बसवणाऱ्यांपैकी कुणाचातरी मास्तरांना फोन आला, तेव्हा मी शेजारीच होते. आवाज चढलेला नव्हता. "मास्तर, तुमी आमाला वडलांच्या जागी. घोडा तेवढा ऱ्हाऊ द्या. पुढं काय झालं तर आमाला बोल लावू नका." फोन ठेवून मास्तर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. "सुनीता, मला लय भेव वाटायलंय."

"मग रद्द करू या, सर."

"करू..." म्हणाले. मग टेबलावरचे कागद पुढं ओढून म्हणाले, "पण त्या बायांनाबी वाटलंच असंल की."

व्याख्यान दुपारी चारला. हॉल भरलेला. मागं दाराशी सात-आठ जण उभे होते, वाचनालयात कधी न दिसलेले. मास्तर लुगड्याच्या गोष्टीवर आले आणि कुणीतरी दार ओढून आतून कडी घातली. एक दणकट माणूस खुर्च्यांमधून पुढं आला. "मास्तर, आमच्या वाघाला लुगडं नेसवता?" मास्तरांच्या हातातला कागद असा थरथरत होता की माईकमधून त्याची फडफड ऐकू येत होती. त्यांची बाही धरून त्यांना खाली बसवावं, असं मला वाटलं. त्यांनी मान वर केली नाही. त्या चौघींचं एकेक नाव वाचलं. पारू. गोदा. सकीना. ठकू.

तेवढ्यात बायकांच्या रांगेतून एक म्हातारी खुर्चीला धरून उठली. "पारू माझी आजी. तिला न्हाऊ घालताना पाठीवरचे वण मी बघितलेत. त्याला वाघ म्हना, कायबी म्हना... पर माझ्या आजीला गाळू नका." मग मागं कुणीतरी कडी काढली. टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत.

पुढं कुणी मास्तरांना हातही लावला नाही. पण एखादी मोटरसायकल मागून येऊन हळू झाली की ते माझा दंड घट्ट धरायचे. एकदा मी चिडून म्हटलं, "एवढं भेव होतं तर बोललात कशाला?" ते ओशाळून हसले. "वाटलं होतं, बोलल्यावर जाईल. न्हाई गेलं."

मागच्या आठवड्यात त्यांच्या गावच्या मुलींच्या शाळेतून बाईंचा फोन आला. मास्तरांनी तिथं बोलायचं कबूल केलं होतं. त्यांच्या जागी मी येईन का? दुसऱ्या दिवशी अनोळखी नंबरवरून एवढाच मेसेज आला, "ताई, जपून." मास्तर बसायचे त्या खिडकीजवळच्या टेबलाशी बसून मी सध्या त्यांचे कागद मोठ्यानं वाचून बघते. ठकूच्या नावाशी आवाज फुटतो, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते... शनिवारी सकाळच्या एसटीनं जायचंय. शाळेला मी होकार कळवलाय.