चिंचेला वळसा घालून गेलेला पाइप

शिक्रापुरात आमच्या गल्लीतला पाण्याचा मुख्य पाइप फुटला, तेव्हा सगळ्यांनी जेसीबीवाल्याला शिव्या घातल्या. मीही घातल्या. पण तो पाइप त्या बिचाऱ्यानं फोडला नव्हता. आमच्या ऑफिसनं फोडला होता, आणि त्यात माझा हात होता.

मी तेव्हा शिरूरला एका खाजगी सर्व्हे ऑफिसात नकाशे काढायचो. रस्ते, गटारं, जमिनीखालच्या लाइनी. आमच्या साहेबांना उन्हाचं वावडं होतं. त्यांचा सर्व्हे म्हणजे गाडी रस्त्याकडेला उभी करायची, काचेआडूनच मोबाइलवर दोन फोटो काढायचे आणि ऑफिसात येऊन एसी लावायचा. आमच्या गल्लीचं काम आलं, तेव्हा पाइप कुठून गेलाय हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी तिथं राहत होतो, तरी मलाही नव्हतं.

"रस्त्याच्या डाव्या कडेनं सरळ निळी रेघ मार," साहेब म्हणाले. "पाइप काय नाचत थोडाच जातो?"

मी रेघ मारली. खाली कोपऱ्यात 'प्रत्यक्ष पाहणीनुसार' असं टाइपही केलं. तसं टाइप करताना हात अडखळला, अशी बढाई मी मारणार नाही. चहा आला होता.

काही महिन्यांनी इंटरनेटची केबल टाकायला माणसं आली. कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला सुपरवायझर हातातल्या टॅबवर बघत उजव्या कडेला खोदायला सांगत होता. तेवढ्यात आबा आले. आबा म्हणजे आमच्याकडे पाणी सोडणारे. हा पाइप टाकला तेव्हा चरात उतरून काम केलेले, आणि अजूनही व्हॉल्व्ह त्यांच्याशिवाय कुणाला नीट फिरवता येत नाही. त्यांनी पिशवीतली फक्की काढून रस्त्यावर पांढरी रेघ ओढली. ती एका जागी चांगलीच उजवीकडे वळली होती.

"सायेब, हितं खोदू नका. खाली पाइप हाय."

"आजोबा, पाइप त्या बाजूला आहे. ड्रॉइंग बघा ना."

"कागदात असंल तिकडं. हितं मोठी चिंच व्हती. तिच्या मुळ्या तोडायच्या न्हाईत म्हणून आमी वळसा घातला. रस्ता रुंद केला तवा चिंच गेली. पाइप हाय तिथंच हाय."

"कुठाय चिंच?" सुपरवायझर हसला. "तुम्ही इंजिनीअर आहात का?"

परप्रांतातून आलेला जेसीबीवाला वरून म्हणाला, "साहब, बुजुर्ग बोल रहे हैं. एक बार हाथ से खोदके देख लें?"

"तू मशीन चला."

आणि सुपरवायझरनं बुटानं ती फक्की पुसली.

मी फाटकात गाडीला किक मारत उभा होतो. टॅबवरची निळी रेघ मी ओळखली. 'थांबा, तो नकाशा खोटा आहे' एवढं बोलायला कितीसा वेळ लागला असता? मी घड्याळ बघितलं आणि शिरूरचा रस्ता धरला.

दुपारी बायकोचा फोन आला. "दोन मजले उंच पाणी उडतंय! खालच्या खोल्यांत चिखल शिरलाय. कोणत्या शहाण्यानं नकाशा काढलाय, जरा इचारा तुमच्या ऑफिसात."

"विचारतो," मी म्हणालो.

परतलो तेव्हा आमच्या गल्लीत भाड्यानं राहणाऱ्या कंपनी कामगारांच्या गाद्या भिंतीवर वाळत होत्या. सुपरवायझरनं 'जुनी लाइन आपोआप फुटली' असं लिहून दिलं होतं. फुटक्या जागी गाडीच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली आणि माती लोटून ते मोकळे झाले. शेजारून गटार वाहत होतं. चार दिवसांत अर्धी गल्ली जुलाबानं आडवी पडली. माझ्या बायकोला सलाइन लावावं लागलं. दवाखान्यात तिच्या उशाशी बसून मी तिला खरं सांगितलं. तिनं नुसतं बघितलं आणि तोंड भिंतीकडे केलं.

दुसऱ्या दिवशी मी आबांकडे गेलो. "आबा, ती रेघ मी मारली होती."

आबा चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. "तुमी हितंच राहता न्हवं?" ते म्हणाले. "मग मला इचारायचं की."

त्यांनी माणसं लावून चर परत उघडला, नवा तुकडा बसवून घेतला, आणि मला गल्लीभर हिंडवून एकेक वळण दाखवलं. मी नवा नकाशा काढला. तो बघून आमच्या साहेबांनी नाक मुरडलं. "हे काय वेडंवाकडं? घाण दिसतंय. सरळ कर." मी केला नाही. त्यांनी दुसऱ्याकडून करून घेतला. माझा नकाशा मी पंचायतीत नेऊन दिला, तर क्लार्क म्हणाला, "कोणी मागितलाय का?" आणि ड्रॉवरमध्ये टाकला.

ती नोकरी मी सोडली. आता दौंडच्या एका ऑफिसात आहे. तिथले साहेब निदान गाडीतून खाली उतरतात.

मागच्या उन्हाळ्यात ड्रेनेजवाले आले, तेव्हा मी घरीच होतो. त्यांच्या हातात तोच सरळ नकाशा. मी बोलायला लागलो, पण इंजिनीअर ऐकेना. मग बायको प्लास्टिकची खुर्ची घेऊन बाहेर आली, आबांनी दाखवलेल्या जागेवर ती मांडली आणि जेसीबीच्या तोंडासमोर बसली. "आधी हातानं खोदा. मग मी उठते."

तासभर हुज्जत चालली. शेवटी दोन माणसांनी खुर्चीच्या पुढ्यात कुदळ मारली. गुडघाभर खोलीवर पाइप लागला. इंजिनीअरनं खड्ड्यात वाकून त्याच्यासोबत फोटो काढून घेतला आणि फोनवर कुणाला तरी सांगितलं, "हो सर, आपल्या सर्व्हेत लाइन सापडली."

बायकोनं खुर्ची उचलली. "ह्यांना पाणी देऊ नका," ती मला म्हणाली आणि घरात गेली.