चंदीगडची वेस शोधताना

२०२३ साल. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा. माझी नात तळवड्याच्या आयटी पार्कात कामाला. तिला कंपनीने बढती दिली, पण चंदीगडला. घरात सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. शाळा माझी दुसरीपर्यंत, तरी चाकणजवळ निघोज्यात आमच्या घरात मला विचारल्याशिवाय पान हलत नाही. मी म्हणालो, आधी गाव बघणार, मग बोलणार. तिने गुमान दोघांची तिकिटं काढली.

आमच्याकडे परक्या गावात माणूस ठेवायचं तर आधी तिथल्या ग्रामदैवताला नारळ. उतरल्या उतरल्या बाजारात नारळ घेतला नि चालायला लागलो. कुणाला तरी विचारू या, असं नात दोनदा म्हणाली. मी कशाला विचारतोय? गाव म्हटल्यावर देऊळ असणारच.

दुपारपर्यंत चाललो. रस्ते दोरी लावून आखल्यासारखे, दोन्ही अंगाला दाट सावली, आळ्यांना नावांऐवजी नंबर. चालायला झकास वाटत होतं, पण ते मी बोललो नाही. वेस नाही, पार नाही, मारुती नाही.

"बिनदैवताचं गाव हाय हे," मी म्हणालो. "तू हितं ऱ्हायचं न्हाई."

पोरीचा चेहरा उतरला. समोरच्या बागेत बाकावर जाऊन बसली.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला माझ्याच वयाचे एक सरदारजी होते. नारळ कशाला, त्यांनी विचारलं. चाकणच्या कंपन्यांच्या गेटवर शिकलेल्या हिंदीत मी सांगितलं, तसे ते पोट धरून हसले. मग म्हणाले, फाळणीत लाहोर पलीकडे गेलं, पंजाबला राजधानीच उरली नाही. म्हणून डोंगराच्या पायथ्याशी ही नवी वसवली. त्यात त्यांचं गाव गेलं, जमीन गेली. माझीही कंपनीत गेली, मी म्हणालो. राग येत नाही का, मी विचारलं. यायचा, म्हणाले, पण आता कुणी दुसरीकडे राहा म्हटलं तर भांडेन. आज दोन राज्यांची राजधानी आहे, राव!

"आणि देवीच्या नावावरच तर शहर आहे," ते म्हणाले. "चंडीदेवी. देऊळ शहराबाहेर, कालक्याच्या रस्त्याला."

स्वतःच्या गाडीतून त्यांनी आम्हाला नेलं. नारळ फुटला. खोबरं तिघांनी खाल्लं.

"आबा, मग?" नातीने हळूच विचारलं.

"बघू," मी म्हणालो. लगेच व्हय म्हणायची मला सवय नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठायच्या आत मी बाजारात गेलो आणि तिच्या खोलीसाठी बादली, तांब्या नि झाडू घेऊन आलो.