शिरोड्याची रजा

सहलीला जाऊन आलेल्या माणसाकडे सांगायला चार गोष्टी असतात आणि एक सर्दी. न घडलेल्या सहलीचं तसं नसतं. ती रोज थोडी थोडी घडते आणि किस्से साचत जातात. आमची शिरोड्याची सहल पिंपरीतल्या एका कारखान्याच्या बॉयलर हाउसमध्ये, चहाच्या सुट्टीत, तीन वर्षं चालली होती.

पन्नास सालानंतरचे दिवस. कारखाना नवा, भोवती सगळी ज्वारी. आमच्या शिफ्टला तिघं. सावंत कोकणात समुद्रकाठच्या शिरोड्याचा, तो वाफेचा काटा सांभाळायचा. नाना रहाटणीचा जुना शेतकरी, तो भट्टीत कोळसा टाकायचा. मी बार्शीहून आलेला, हातात नोंदवही.

नानाला काचबिंदू झाला होता. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, दोन-तीन वर्षं, मग नुसता उजेड-अंधार कळेल. भट्टीचं लाल तोंड दिसायचं, त्यावर त्याचं काम भागायचं. एकदा फावडं टेकवून तो म्हणाला, "नजर जायाच्या आदी येकदा समुद्र बगायचाय राव."

एवढंच म्हणाला, आणि आम्ही कामाला लागलो.

* * *

शिरोडाच का, तर एका साहेबामुळे. आमचा परदेशी साहेब समुद्रकाठच्या एका छोट्या गावचा. गावाचं चित्र त्याने केबिनमध्ये लावलं होतं. खाली निळं पाणी, वर उतारावर द्राक्षांचे मळे. तिथे म्हणे घरोघरी वाइन करतात आणि जेवताना पाण्यासारखी पितात. आमच्या राज्यात तेव्हा दारूबंदी, त्यामुळे आम्ही ते चित्र देवळात गेल्यासारखं बघायचो.

सावंतने ते बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "ह्यो तर आमचो शिरोडो!"

द्राक्षं कुठेत, मी विचारलं. त्यावर त्याचं म्हणणं असं, की खाडी ओलांडली की पोर्तुगिजांचा गोवा, तिथे वाइन वाण्याकडे मिळते. साहेबाला मळे लागतात, आम्हाला खाडी पुरे. आता सरहद्द बंद होती ही गोष्ट वेगळी.

"पण वारो थंयसूनच येता," सावंत म्हणाला. "वाऱ्याक परमिट लागणा नाय."

* * *

मग नकाशा झाला. सावंतने बॉयलर हाउसच्या फरशीवर खडूने शिरोडा काढला. इथे बाजार, इथे त्याचं घर, इथे सुरूची झाडं, आणि भिंतीपर्यंत सगळा समुद्र. नाना गुडघे टेकून, नाक फरशीला लावून तो बघायचा.

हळूहळू आम्ही समुद्रावर पाय द्यायचं सोडलं. कोळशाची ढकलगाडीही वळसा घालून जाऊ लागली. एक दिवस मुकादम तावातावाने आला. कारखान्याच्या फरशीवर चित्रं काढता, लाज नाही वाटत, सगळं बोलून झालं. जाताना मात्र तोही भिंतीकडेने गेला.

* * *

रजेचं घोडं एकाच ठिकाणी अडायचं. वर्षातून एकदा तपासणीसाठी बॉयलर थंड करत. तेवढे आठ दिवस तिघांना एकदम सुट्टी मिळणं शक्य होतं. पण तपासणीआधी आतला क्षार खरवडायचा असतो, आणि तो खरवडणार कोण, तर आम्हीच. दोन वर्षं ठरलेली रजा अशी गेली.

दुसऱ्या वर्षी सावंत बॉयलरच्या भोकातून बाहेर आला तो डोक्यापासून पायापर्यंत क्षाराने पांढरा. मुकादमाने विचारलं, होतास कुठे इतका वेळ?

"रेतयेत लोळत होतंय," सावंत म्हणाला.

नाना हसला नाही. आता त्याला कोळशाचा ढीग हाताने चाचपावा लागत होता. मला फार वाईट वाटलं त्या दिवशी.

* * *

तिसऱ्या वर्षी खरवडायला बाहेरची माणसं आली आणि रजा मंजूर झाली. तेव्हा नानाच अडला. त्याच्या गळ्यात तुळशीची माळ. ती घातल्यापासून बाटलीच्या सावलीलाही तो उभा राहिला नव्हता. सावंतचं ते वाऱ्याचं बोलणं या भल्या माणसाने तीन वर्षं खरं धरलं होतं! वाइनच्या वाऱ्यात माळ बाटेल म्हणून तो देहूला गेला आणि ज्या बुवांनी माळ घातली होती त्यांनाच म्हणाला, आठ दिवस ही तुमच्याकडे ठेवा.

बुवांनी विचारलं, तिकडे जाऊन पिणार आहेस का? नाना म्हणाला, नाही. मग काढतोस कशाला? नानाने वाऱ्याची सगळी हकिकत सांगितली.

बुवांनी ती माळ त्याच्या गळ्यात सारखी केली. मग म्हणाले, "माळ ऱ्हाऊ दे. वारा आला तर नाक धर."

* * *

कोल्हापूर, सावंतवाडी असं एसटीने हाडं खिळखिळी करत आम्ही शिरोड्याला उतरलो. ऊन कलत आलं होतं. सावंत पुढे, मी नानाचा हात धरून मागे. गाव संपलं आणि एका वळणावर नाना एकदम थांबला.

समोर मिठागर होतं. बांध घातलेले वाफे, त्यांत वीतभर पाणी, आणि त्यावर सगळं ऊन उतरलेलं. नानाने हात सोडवून घेतला. टोपी काढली. दोन्ही हात जोडले. गालांवरून पाणी ओघळत होतं, ते त्याने पुसलं नाही.

"दिसला," तो म्हणाला. "दिसला की रं मला."

मी सावंतकडे पाहिलं. शेवटी तो जवळ आला आणि नानाच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, "नाना, ह्या मिठागर. दर्यो अजून फुडे आसा."

नानाचे हात जोडलेलेच होते.

"अजून बी हाय?"