बासष्ट टक्के आणि आजोबांची चार एकर

माझ्या मुलीला अकरावी सायन्सला प्रवेश मिळाला नाही, याला बोर्ड, कॉम्प्युटर किंवा सरकार जबाबदार नसून मी जबाबदार आहे.

पल्लवीला दहावीला बासष्ट टक्के पडले. आमच्या घराण्याच्या मानानं हा विक्रमच! (मी गणितात दोनदा आपटून तिसऱ्यांदा काठावर निघालो. माझा धाकटा भाऊ माधव अजून निघायचा आहे.) पण तालुक्याच्या कॉलेजात सायन्सची यादी ऐंशीच्या आसपासच बंद होते, आणि पोरीला तर सायन्सच पाहिजे होतं. लागोपाठ दोन वर्षं आमच्या हळदीला कंदकूज लागली. दुकानदार देईल ते औषध मी ओतत राहिलो आणि ही सडका कंद हातात घेऊन विचारायची, "पप्पा, पण हे सडतं काहून?" मला सांगता येत नव्हतं. तेव्हाच तिनं ठरवलं होतं, सायन्स घ्यायचं, पुढं ॲग्रीला जायचं आणि याचं उत्तर आपणच शोधायचं.

निकालाच्या संध्याकाळी घरात बैठक बसली. माधवनं हिशेब मांडला.

"बासष्ट पोरीचे. अन् आपल्या आजोबाची चार एकर. एकरी पाच टक्के धरले तरी वीस! झाले ब्याऐंशी. दादा, मेरिटमधी बसली की आपली पोरगी!"

हिशेब मला बराबर वाटला. कारण ते कॉलेज ज्या जमिनीवर उभं आहे, ती चार एकर माझ्या आजोबांनी दान दिलेली आहे. (तिथं कुसळाशिवाय काही उगवत नव्हतं, हे आमच्या घरात मोठ्यानं कुणी बोलत नाही. दान ते दान!) शिवाय काही जागा संस्थेच्या हातात असतात आणि त्या सचिवसाहेब भरतात. म्हणजे काम झाल्यात जमा.

"अवं, ऑनलाइनला धा कॉलेजांची नावं टाकता येतात म्हणं," माझी बायको सुनीता म्हणाली. "हट्ट्याचं टाका, परभणीचं टाका. पोरीला सायन्स भेटल्याशी मतलब."

"काहून? आपल्या आजोबाचं कॉलेज असताना दुसऱ्याच्या दारात जायचं? लोकं तोंडात शेण घालतील!" मी ठणकावलं.

एकच नाव टाकलं. ऑनलाइन सेंटरवाल्यानं डोळे मोठे करून विचारलं, "काका, एकच?" मी म्हणालो, "वाघाला एकच पुरतं." (याचा अर्थ मलाही माहीत नाही. पण म्हणताना बरं वाटलं.)

पहिल्या यादीत नाव आलं नाही. दुसरीतही नाही. सुनीतानं जेवताना माझ्याशी बोलणं कमी केलं. पल्लवी दर यादीला मोबाईल उघडायची, बघायची आणि गुपचूप ठेवून द्यायची. मी मात्र निश्चिंत होतो. आपला नंबर कॉम्प्युटरकडं होताच कुठं? तो तर सचिवसाहेबांकडं होता!

शेवटी मी, माधव आणि पल्लवी साहेबांना भेटायला निघालो. मोठ्या माणसाकडं काम घेऊन जायचं तर आमच्याकडं आधी त्याचा सत्कार करायची पद्धत आहे. म्हणून चांगली शाल घेतली, मोठा नारळ घेतला. वाटेत मोटारसायकलवर मी एकच वाक्य घोकत होतो: "साहेब, आमच्या लेकराकडं बघा."

कॉलेजात पोचलो तर हॉल भरलेला. दहावीच्या गुणवंतांचा सत्कार चाललेला आणि पाहुणे म्हणून बोलावलेले पुढारी आलेच नव्हते. सचिवसाहेब दारातच घामाघूम होऊन उभे होते. मला पाहिलं आणि त्यांच्या जिवात जीव आला.

"अरे, जमीनदात्याचे नातू! देवासारखे आले बघा. चला, वर चला!"

"साहेब, जरा आमच्या लेकरा..."

"लेकराला बी बसवा पुढं!"

मी स्टेजवर! पाहुण्यांची शाल गाडीत राहिली की कुठं राहिली, कुणाला सापडेना. तेवढ्यात शिपायाची नजर माधवच्या पिशवीवर गेली. अशा रीतीनं माझी शाल माझ्याच अंगावर पडली, माझा नारळ माझ्याच हातात आला आणि साहेबांचा सत्कार राहून गेला.

इथवर फार बिघडलं नव्हतं. पण नंतर त्यांनी माझ्या हातात माईक दिला.

समोर नव्वदच्या वरची लेकरं, त्यांचे मायबाप, आणि सगळे माझ्याकडं बघून राहिलेले. आमच्या घराण्याचं इतकं ऐकून घ्यायला आजवर कुणी बसलं नव्हतं. घोकलेलं वाक्य कुठं गेलं कोण जाणे!

"माझ्या आजोबानं सोताच्या पोरासाठी बी कुणापुढं शब्द टाकला न्हाई!" (खरं आहे. पोराला शाळेतच घातलं नव्हतं.) "ही जमीन त्यांनी वशिल्यासाठी दिली न्हाई, गुणवत्तेसाठी दिली! ह्या कॉलेजात वशिल्याची एक बी जागा नको. ज्याचे मार्क, त्याचीच जागा! मग ते पोरगं कुणाचं बी असू द्या!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. माधव कपाळाला हात लावून बसला होता. आणि पल्लवी? सगळ्यात जोरात टाळ्या तीच वाजवत होती. तिला वाटलं, सुरुवात मोठी केली आहे, शेवटी पप्पा आपला विषय काढतील.

पण मी तो काढायच्या आत सचिवसाहेब उठले. डोळे पुसले, माझ्याकडून माईक घेतला आणि जाहीर केलं, "दात्यांच्या शब्दाचा मान राखून, यंदा आमच्या हातातल्या सगळ्या जागा फक्त मार्कांवर भरल्या जातील!"

तेव्हा पल्लवीच्या टाळ्या थांबल्या. तिचे हात तसेच जोडलेले राहिले.

नंतर ऑफिसात साहेबांनी चहा पाजला. "बोला, आज कसं काय येणं केलं? काही काम होतं का?"

माधवनं मला कोपर मारलं. मी पोरीकडं पाहिलं. ती खाली मान घालून बशीतल्या बिस्किटाकडं बघत होती. अजूनही बोलता आलं असतं. पण अंगावर शाल होती हो!

"न्हाई साहेब," मी म्हणालो, "सहज आलो होतो."

घरी आलो. सुनीतानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "तुमच्या आजोबानं नुसता माळ दिला. तुमी पोरीचं सायन्स देऊन आले." दुसरीकडच्या सायन्सच्या जागा तोवर भरून गेल्या होत्या. पल्लवीनं गावातल्याच आर्ट्सला नाव घातलं. हळदीत कंदकूज यंदाही आहे. पण सडका कंद घेऊन आता ती माझ्याकडं येत नाही, आणि तेच मला जास्त लागतं.

पंधरा दिवसांनी सायकलवाले रशीदभाई पेढे घेऊन घरी आले. त्यांची नाजनीन पल्लवीच्याच वर्गातली, तिला पंचाहत्तर टक्के होते.

"भाई, साहेबांच्या जागेत आमच्या पोरीचा नंबर लागला. सायन्सला!" त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "आमचा कुठं वशिला? तुमी त्या दिवशी बोलले म्हणून झालं. असं सोताच्या तोंडानं कोण बोलतं आजकाल!"

मी पेढा हातातच धरून बसलो. पल्लवीनं मात्र आपला पेढा पुरता खाल्ला, रशीदभाईंना पाणी दिलं, "नाजनीनला सांगा, येते म्हणून," असंही म्हणाली. ते गेल्यावर माझ्यापाशी येऊन बसली.

"पप्पा, त्या दिवशी तुमी ते मनापासून बोलले होते ना? म्हंजे माझी जागा गेली ती त्याच्यासाठीच ना?"

तिला त्या उत्तराची फार गरज होती, हे मला दिसत होतं.

"व्हय," मी म्हणालो. आणि हातात माईक नसताना, एका शब्दात, आयुष्यातलं सगळ्यात लांब भाषण ठोकून दिलं!