रिकाम्या रकान्याचा होकार

आमच्या समाजाच्या परिचय मेळाव्याची पुस्तिका दरवर्षी अमरावतीत निघते. उपवर मुलामुलींची माहिती भरायचा फॉर्म आणि त्यामागचा डेटाबेस मी केलेला. बऱ्याच मुली 'विधुर चालेल का?' हा रकाना रिकामा सोडत. नोंदच नसली की छपाईचा प्रोग्राम अडकायचा. मी एका ओळीत सोय केली: रकाना रिकामा असेल तर 'चालेल' धरा. मुलांचं उत्पन्न रिकामं असेल, तर अध्यक्षांच्या सूचनेवरून 'स्वतःचा व्यवसाय'. दर्यापूरच्या पानटपरीवर दिवस काढणारी कितीतरी पोरं त्या ओळीने उद्योजक झाली. मंडळाने मला शाल-श्रीफळ दिलं आणि मी ते घेतलं.

यंदा माझ्याच मुलीचा फॉर्म बायकोने भरला. तो रकाना तिने सोडला, कारण मुलीला आम्ही विचारलंच नव्हतं. पुस्तिका निघाली आणि चांदूर रेल्वेहून फोन आला. दोन मुलं असलेल्या एका विधुराचा थोरला भाऊ म्हणाला, रविवारी पाहायला येतो. बायको पोह्यांच्या तयारीला लागली, मी बैठकीतले पडदे बदलले. पडदे बदलताना मला माझी ती ओळ आठवलीसुद्धा नाही, हे लिहिताना लाज वाटते.

मुलगी पुस्तिका घेऊन समोर उभी राहिली. "बाबा, हे 'चालेल' कोनं लिवलं?"

मी समजावू लागलो, की रिकामी नोंद प्रोग्रामला पेलत नाही, काहीतरी धरावंच लागतं.

"मंग 'नाई' धराचं. 'चालेल'च कावून धरलं?"

मी तिच्या हातातली पुस्तिका घेऊन मिटली. मग चांदूरला फोन लावला. ते मुलीने लिहिलेलं नाही, मी लिहिलंय, येऊ नका, असं सांगितलं.

"तुमी बापच हा ना तिचे?" थोरला भाऊ म्हणाला. "मंग तेच झालं."

मी पुन्हा येऊ नका म्हणालो आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांना म्हटलं, यापुढे रिकाम्या जागी 'विचारलेले नाही' असं छापू. ते हसले. मुलींची अर्धी पानं तशीच निघतील, म्हणाले, मग मेळाव्याला येईल कोण? आता प्रोग्राम अकोल्याचे एक गृहस्थ बघतात. शाल परत मागितली नाही, एवढी मंडळाची कृपा.

मुलीला मात्र मी विचारलं.

"अजून ठरवलं नाई," ती म्हणाली.

रविवारी पोहे आम्हीच खाल्ले.